रिकामी पुंगळी कोणाची?

रायफलीचे काडतूस बाहेरून एकसंध दिसत असले तरी ते चार वस्तूंचे बनलेले असते: पुढे शिसे आणि तांब्याची गोळी, तिच्यामागे पितळेची पुंगळी, पुंगळीच्या पोटात धूररहित दारू, आणि बुडाच्या खळग्यात घट्ट बसवलेली, आघात होताच पेट घेणारी लहानशी टोपी, जिला आता सर्रास प्रायमर म्हटले जाते. चाप ओढला की सुई या टोपीवर आदळते, टोपीतली ज्वाला बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोचते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर रेटतो. या साऱ्या व्यवहारात गोळी निघून जाते, दारू जळते आणि टोपी निकामी होते. पुंगळी मात्र तापलेली, किंचित फुगलेली, पण बहुधा धडधाकट अशी रायफलीबाहेर पडते. चार भागांत सहसा तीच सर्वांत महाग असते. तिला फेकून द्यावे आणि कारखान्यातले स्वस्त काडतूस पुन्हा विकत घ्यावे, की तीच पुंगळी उचलून, पुसून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून स्वतःच भरावी, हा प्रश्न अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत किंवा फिनलंडमध्ये नेमबाजीचा छंद असलेल्या माणसाला पैशांचा आणि अचूकतेचा प्रश्न वाटतो. हिंदुस्थानात तो तसा कधीच नव्हता. इथे आधी विचारले गेले ते हे की रिकाम्या पुंगळीवर हक्क कोणाचा, आणि त्याचे जे उत्तर राज्यकर्त्यांनी दिले त्यात हाताने भरण्याचा विषय जवळजवळ संपून गेला.

ही गोष्ट लखनऊच्या एका कोपऱ्यातून पाहिली तर नीट उलगडते. शहराच्या दक्षिण-पश्चिमेला, कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानक नगर आहे. रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजेच आरडीएसओ, १९५७ पासून इथे काम करते. रूळ, चाके, डबे, सिग्नल यांची मापे आणि कसोट्या इथे ठरतात, आणि त्यामुळे एका राज्यात बनलेले चाक दुसऱ्या राज्यात बनलेल्या डब्याखाली बिनतक्रार बसते. कारखान्यातल्या काडतुसामागेही हीच कल्पना आहे. एका बोअरचे काडतूस त्या बोअरच्या जुन्या-नव्या, झिजलेल्या-कोऱ्या अशा प्रत्येक रायफलीत बसले पाहिजे, म्हणून त्याची मापे सर्वांना चालतील अशी, थोडी सैल ठेवलेली असतात. युरोपात १९१४ साली लिएज येथे स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय आयोग आणि अमेरिकेत १९२६ साली उत्पादकांनी उभारलेली संस्था ही मापे आणि दाबाच्या मर्यादा ठरवत आल्या आहेत. हाताने भरलेले काडतूस याच्या नेमके उलट असते. ते एकाच रायफलीसाठी, तिच्या कोठीच्या (नळीच्या ज्या मागच्या भागात काडतूस बसते त्याला कोठी म्हणतात) मापाने बेतलेले असते, आणि शेजाऱ्याच्या रायफलीत ते बसेलच असे नाही.

मानक नगरला लागूनच आलमबाग आहे. वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी बांधलेली ही बाग १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या हाती आली. जनरल आउट्रमने ती पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत धरून ठेवली, आणि त्याआधी, १८५७ च्या नोव्हेंबरात मरण पावलेल्या इंग्रज सेनापती हॅवलॉकची कबर आजही तिथे आहे. ज्या उठावामुळे हे सारे घडले त्याची एक ठिणगी काडतुसाची होती हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु तो वाद एका अर्थी ‘कारखान्याचे की घरचे’ असाच वाद होता, हे क्वचितच सांगितले जाते.

त्या वादातली एन्फिल्ड रायफल तोंडाकडून भरली जाई. तिचे काडतूस कागदी होते: कागदाच्या सुरळीत सुमारे साडेचार ग्रॅम काळी दारू आणि चौतीस ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची गोळी. गोळीकडचा भाग वंगणात बुडवलेला असे, कारण नळीच्या आतल्या पिळदार खाचांत गोळी वंगणाशिवाय सहज उतरत नसे. शिपायाने सुरळीचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. पुंगळी नावाची वस्तूच तेव्हा नव्हती. कागद गोळीबरोबर नळीत जाई आणि जळून किंवा फाटून संपे. वंगणात गाय-डुकराची चरबी असल्याची बातमी डमडमला पसरली तेव्हा कलकत्त्याच्या सरकारने जानेवारी १८५७ च्या अखेरीस असा हुकूम काढला की काडतुसे वंगण न लावता द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून मेण व तेल आणून आपापले वंगण आपणच लावावे. कारखान्यातला माल नको असेल तर शेवटचा संस्कार स्वतःच्या हाताने करा, असा तो प्रस्ताव होता, आणि तो शहाणपणाचाही होता. लष्करी मुख्यालयातून त्यावर हरकत आली ती अशी की पूर्वीपासून वंगण लावलेली काडतुसे चालू असताना आता अशी सवलत दिली तर आधीचेही संशयास्पद ठरेल. लखनऊत २ मे रोजी मूसा बागेतल्या सातव्या अवध अनियमित पायदळाने काडतुसे दातांनी तोडण्यास नकार दिला. ती नेहमीचीच आहेत असे अधिकारी सांगत राहिले, पण तोवर कारखान्याच्या शब्दावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी अवधचा मुख्य आयुक्त हेन्री लॉरेन्सने त्या पलटणीची हत्यारे काढून घेतली.

पुढच्या दहा वर्षांत धातूची पुंगळी आली आणि प्रश्नाचे रूप बदलले. इंग्लंडमध्ये वुलिचच्या प्रयोगशाळेचा अधीक्षक एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन या दोघांनी १८६६ च्या सुमारास पुंगळीच्या बुडाशी टोपी बसवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती काढल्या. टोपीतले स्फोटक पेटायचे तर ते दोन कठीण पृष्ठभागांमध्ये चिरडले जावे लागते. बॉक्सरने त्यासाठीची इवलीशी ऐरण टोपीच्या आत ठेवली आणि पुंगळीच्या बुडात मधोमध एकच छिद्र पाडले. बर्डनने ऐरण पुंगळीच्याच बुडातून उंचावून काढली आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे पाडली. फरक क्षुल्लक वाटतो, पण पुनर्भरणाचे सारे गणित त्यावर उभे आहे: मधोमध एकच छिद्र असेल तर तोंडाकडून एक सरळ पोलादी काडी घालून वापरलेली टोपी एका झटक्यात बाहेर ढकलता येते, दोन छिद्रे बाजूला असतील तर ती काडी ऐरणीवर आदळते आणि टोपी बाहेरून कोरून किंवा पाण्याच्या दाबाने काढावी लागते, आणि ते काम कंटाळवाणे असते. इतिहासाची गंमत अशी की इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपातल्या व ब्रिटिश साम्राज्यातल्या लष्करी कारखान्यांत. अमेरिकेतला शिकारी घरी काडतुसे भरू लागला आणि साम्राज्यातला शिपाई भरू शकला नाही, याला कायद्याइतकेच हे छिद्रही कारण आहे.

पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला आणि तिथे लहान हत्यारांची काडतुसे बनू लागली. पितळेची पुंगळी बनवणे हे मुळात धातू ताणण्याचे काम आहे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पत्र्यातून वाटीसारखा तुकडा कापतात, तो ठोशाने टप्प्याटप्प्याने ताणून नळी करतात, प्रत्येक ताणानंतर पितळ कडक होते म्हणून ते तापवून पुन्हा मऊ करतात, मग बूड ठोकून घडवतात आणि शेवटी तोंडाकडे मान आवळतात. मान आवळल्यावर ती परत एकदा तापवली नाही तर पितळात ताण अडकून राहतो. तो किती घातक असतो हे जगाला हिंदुस्थानातल्याच पावसाळ्याने शिकवले. एकोणिसाव्या शतकात इथल्या लष्करी ठाण्यांवर साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जात आणि त्याचे कारण कोणाला कळत नसे. काडतुसे बरेचदा घोड्यांच्या पागेत ठेवली जात, जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत मिसळे, आणि ताणलेल्या पितळातले तांबे त्याला बळी पडे, हे स्पष्टीकरण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडले. लष्करी पुंगळीच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक हा डाग नसून ती मान शेवटी तापवून मऊ केल्याची खूण असते. आजही परदेशातला पुनर्भरण करणारा माणूस काही फेऱ्यांनंतर पुंगळीची मान ज्योतीवर धरून मऊ करतो आणि अमोनिया असलेले पॉलिश तिला लागू देत नाही.

पुनर्भरणाची क्रिया अशी. पुंगळी आधी तपासतात. बुडाच्या किंचित वर चकचकीत वळे दिसले तर तिथे धातू पातळ झाला आहे असे समजून ती मोडीत टाकतात. मग तिला हलके तेल लावून हातदांड्याच्या दाबयंत्रात, साच्यात घालतात. कोठीच्या मापाने फुगलेली पुंगळी साच्यात पुन्हा आवळली जाते आणि त्याच दाबात जुनी टोपी खाली गळून पडते. नवी टोपी बसवतात, तराजूवर तोललेली दारू ओततात, आणि शेवटी गोळी मानेत ठरावीक खोलीपर्यंत बसवतात. दारू किती आणि कोणती हे प्रत्येक पुंगळी-गोळीच्या जोडीसाठी उत्पादकाच्या छापील तक्त्यात दिलेले असते. त्यात अंदाजाला जागा नसते, कारण लक्ष विचलित होऊन एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली किंवा पिस्तुलाची जलद जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत गेली तर फुटते ती रायफल, आणि ती गालाला लागलेली असते.

या कष्टांचे फळ काय, याचे उत्तर रायफलीगणिक बदलते. ब्रिटिश हिंदी सैन्याची .३०३ ली-एन्फिल्ड घेतली तर ती पुनर्भरणाला फारशी अनुकूल नाही. युद्धातल्या चिखलातही काडतूस अडकू नये म्हणून तिची कोठी ऐसपैस ठेवलेली असे, आणि तिचा बोल्ट मागच्या बाजूने अडकत असल्यामुळे दाबाखाली किंचित लवचिक राही. परिणामी दर बारानंतर पुंगळी बुडाजवळ ताणली जाई, आणि ती पूर्ण आवळून पुन्हा भरत राहिल्यास थोड्याच फेऱ्यांत बुडापासून तुटे. फक्त मान आवळली तर ती अधिक टिकते, पण मग ती त्याच एका रायफलीची होऊन राहते. त्यातून मूळच्या .३०३ मध्ये कॉर्डाइट ही दारू असे, शेवयांसारख्या लांब कांड्यांच्या रूपात. या कांड्यांची जुडी आधी सरळ पुंगळीत घालून मग मान आवळली जाई, म्हणजे पुंगळी पूर्ण व्हायच्या आतच ती भरलेली असे. घरच्या मेजावर असे काही करता येणे शक्यच नव्हते. निलगिरीतल्या अरुवनकाडूचा कॉर्डाइट कारखाना आणि खडकीचा काडतूस कारखाना यांच्यातली कामाची वाटणी हीच मुळात कारखानदारीची वाटणी होती.

स्वस्त लष्करी काडतुसाची किंमत दुसऱ्या प्रकारेही मोजावी लागे. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे; ते जळल्यावर मागे जो क्षार राहतो तो मिठासारखाच दमट हवेतले पाणी ओढून घेतो, आणि एका पावसाळी रात्रीत नळी गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून गोळीबारानंतर नळीच्या मागच्या तोंडाला नरसाळे लावून तिच्यातून उकळते पाणी ओतायचे, मग कोरडी करून तेल द्यायचे, असा .३०३ वापरणाऱ्या सैनिकांचा शिरस्ताच होता.

अमेरिकेत हिशेब सरळ मांडला जातो: पुंगळी दहा वेळा वापरली तर तिची किंमत दहात विभागली जाते, बाकीचे तीन भाग दर वेळी विकत घ्यावे लागतात, आणि यंत्र, साचे, तराजू यांचा खर्च जितके अधिक बार होतील तितका पातळ होत जातो. महागड्या, कमी खपाच्या बोअरमध्ये बचत खरोखर मोठी असते. सर्वांत खपाच्या बोअरमध्ये ती नावालाच उरते, कारण तिथे स्वस्त कारखानी माल समोर उभा असतो. रशियातून येणारी, लाखेचा किंवा पॉलिमरचा लेप दिलेल्या पोलादी पुंगळीची काडतुसे तर अनेक वर्षे इतकी स्वस्त होती की त्यांच्याशी हाताने भरलेले काडतूस भावात टिकतच नसे. पोलादी पुंगळी पितळेसारखी पुन्हा आवळली जात नाही आणि तिची टोपी बर्डन पद्धतीची असते, तेव्हा ती एकदा वापरून टाकण्यासाठीच जन्मते. सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने देणे थांबवले आणि हा स्वस्त झरा आटत गेला. अर्थात पुनर्भरण करणारे लोक पैसे वाचवतात असे म्हणण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत अधिक बार काढतात असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. घालवलेल्या संध्याकाळी तर कोणी मोजतच नाही. त्यांना खरी गोडी असते ती अचूकतेची.

हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारला पुनर्भरणाच्या याच कौशल्याची भीती वाटत होती. वायव्य सरहद्दीवरचे पठाण कारागीर इंग्रजी रायफलींच्या नकला तर करीतच, पण फेकलेल्या पुंगळ्या गोळा करून त्या गावठी दारूने भरतही. लष्करी चांदमारीवर पडलेली प्रत्येक पुंगळी मोजून परत घेण्याची शिस्त केवळ पितळेच्या मोडीच्या किमतीसाठी नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० बोअरच्या शिकारी रायफली आणि त्यांची काडतुसे हिंदुस्थानात आणायला बंदी केली, कारण त्या काडतुसांतल्या गोळ्या काढून जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या पुंगळ्यांत बसवता येत. संस्थानिकांच्या आणि इंग्रज शिकाऱ्यांच्या वाघ-हत्तींच्या शिकारीत हाच बोअर लोकप्रिय होता, तेव्हा लंडनच्या बंदूककारांना रातोरात .४७० सारखे नवे बोअर काढावे लागले. पुंगळी दुसऱ्याच्या हाती पुन्हा भरली जाईल या एका धास्तीने जगातल्या शिकारी रायफलींची मापे बदलावीत, हे पुनर्भरणाच्या इतिहासातले बहुधा सर्वांत महागडे प्रकरण असावे.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, दृष्टी फारशी बदलली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारू आणि टोप्या यांचा स्वतंत्र अंमल स्फोटक कायद्याखाली येतो, ज्याची अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. शस्त्रपरवान्यावर किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते, आणि उत्तर प्रदेशात तर नवी काडतुसे मागायला आलेल्या परवानाधारकाला आधीच्या काडतुसांचे ‘खोखे’, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, दुकानात जमा करून हिशेब द्यावा लागतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याच्या हौसेला आळा बसावा हा त्यामागचा एक हेतू, आणि गावठी कट्टे बनवणाऱ्यांच्या हाती .३१५ ची पुंगळी जाऊ नये हा दुसरा. लखनऊच्या याच, मानक नगरच्या भागात रेल्वे संरक्षण दलाची जगजीवन राम अकादमी आहे. १९८५ साली या दलाला संघराज्याच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. भारतातल्या कोणत्याही गणवेशधारी दलाप्रमाणे इथेही सराव संपला की जमिनीवर वाकून पुंगळ्या वेचण्याचे काम होते, आणि दिलेली काडतुसे व परत आलेल्या पुंगळ्या यांचा मेळ बसल्याशिवाय मैदान सोडता येत नाही.

ज्या .३१५ चा उल्लेख आला, तो बोअर कायद्याच्या पोटातून जन्मलेला म्हणावा लागेल. .३०३ आणि पुढे ७.६२ मिलिमीटर हे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध; म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसावर आधारलेला आठ मिलिमीटरचा वेगळा बोअर नागरी रायफलींसाठी ठेवला गेला, इशापूरचा कारखाना त्या रायफली बनवू लागला आणि त्यांची काडतुसे खडकीहून येऊ लागली. बाराबोअरच्या बंदुकीची ‘शक्तिमान’ छापाची छर्ऱ्याची काडतुसे, .३२ रिव्हॉल्व्हरची, .२२ ची, सारी खडकीचीच. स्वस्त आणि महाग यांतली निवडच नव्हती. जे सरकारी कारखान्यातून येई तेच काडतूस. १९६२ च्या युद्धानंतर जळगाव जिल्ह्यात वरणगावला आणखी एक कारखाना १९६४ साली उभा राहिला, त्याच सुमारास भंडाऱ्याला दारूचा; पितळेचे काम अंबरनाथला होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हा दारूगोळ्याचे बारा कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरला अदानी समूहाचा पाचशे एकरांचा दारूगोळा प्रकल्प सुरू झाला. लहान बोअरची वर्षाला पंधरा कोटी काडतुसे बनवण्याचा त्याचा संकल्प असून देशाच्या सैन्यदलांच्या गरजेचा तो सुमारे चौथा हिस्सा आहे. एवढ्या संख्येने काडतूस निघू लागले की पुंगळी पुन्हा भरण्याचा विचार कोणतेही सैन्य करीत नाही. वेचलेले पितळ वितळवणे त्याला परवडते, निवडून तपासणे परवडत नाही.

उरतो तो खेळाडू, ज्याला अचूकता हवी असते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले ते भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक. मध्य रेल्वेत तेव्हा तिकीट तपासनीस असलेल्या या नेमबाजाला काडतूस स्वतः भरायची परवानगी असती तरी उपयोग शून्य होता. या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .२२ च्या काडतुसाला वेगळी टोपी नसतेच: पेटणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत ओले असताना फिरवून बसवलेले असते, सुई त्या कडेवर आदळून ती चेपते, आणि एकदा चेपलेली कड परत उघडता येत नाही. या रचनेमुळे जगातला कोणताही ऑलिम्पिक रायफलपटू कारखान्याचेच काडतूस वापरतो.

मात्र हाताने भरण्यातली सारी चिकित्सा इथे निवडण्यात उतरते. बर्मिंगहॅमची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या तुकड्या असतात आणि प्रत्येक डब्यावर तुकडीचा क्रमांक छापलेला असतो. खेळाडू आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणीगृहात जातो, तिची नळी पक्क्या शिकंज्यात आवळली जाते, आणि एकामागून एक तुकडीचे दहा-दहा बार ५० मीटरवर काढून गोळ्यांचा घोळका किती आवळ बसतो ते यंत्र मोजते. लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असल्याने मिलिमीटरभराचा फरकही निर्णायक ठरतो. जी तुकडी एका नळीला मानवते ती दुसरीला मानवेलच असे नसते. याचे पूर्ण स्पष्टीकरण सूत्रात मांडता येत नाही, म्हणून तर चाचणी. मानवलेली तुकडी सापडली की तिचा साठा एकदम उचलायचा, कारण ती संपली की तशीच पुन्हा निघत नाही.

भारतात अशी काडतुसे आयात करण्याची वाट राष्ट्रीय रायफल संघटनेतून जाते. ती १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. नवा नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेत पोचण्यासाठी ज्या पात्रता फेरीतून जातो ती अजूनही ‘मावळंकर’ म्हणूनच ओळखली जाते. २०१० साली म्यूनिकला प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंतही याच वाटेने वर आली. होतकरू मुलाच्या घरच्यांना रायफलीपेक्षाही काडतुसांचा न थांबणारा खर्च जड जातो, कारण .२२ ची पुंगळी कचऱ्यातच जाते. स्वस्त काडतुसांवर सराव आणि महागावर स्पर्धा ही तडजोड सर्वत्र आहे, आणि ती पूर्णपणे वाईटही नाही: श्वास, पवित्रा आणि चाप शिकण्यासाठी स्वस्त काडतूस पुरेसे असते, मात्र निसटलेला बार आपल्या चुकीने निसटला की काडतुसाच्या, हे त्यातून कळत नाही.

मग महाराष्ट्रात कोणी स्वतःच्या हाताने बंदूक भरत नाही काय? भरतात, आणि कायद्याने भरतात. शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकांच्या रक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. खऱ्या शेतकऱ्याला तिचा परवाना मिळणे इतर शस्त्रांच्या मानाने सोपे असावे असा त्यामागचा आशय. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत ‘ठासणीची बंदूक’ म्हणून ती घरोघर ठाऊक आहे. मापाने काळी दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा कागदाचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी चढवायची. १८५७ च्या एन्फिल्डपेक्षा ती रचनेने पुढे गेलेली नाही, आणि तिला पुंगळी नसल्यामुळे जमा करायलाही काही नसते. वानर आणि रानडुकरे भात, नाचणी, केळी यांची नासाडी करतात, तेव्हा बहुतेक वेळा हवेत काढलेला बारच पुरतो. डुक्कर मारायचे तर वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. काळ्या दारूची राख पाणी ओढते, त्यामुळे कोकणच्या हवेत नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की या बंदुकीसह परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याचा प्रघात आहे. कोणाला सूट द्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०१९ साली ऑक्टोबरात आणि २०२४ साली नोव्हेंबरात झाले, म्हणजे कोकणात भात पिकून कापणीला आलेले असताना, आणि ठासणीच्या बंदुकीला या नियमातून वगळावे ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी त्यामुळे दर निवडणुकीत नव्याने पुढे येते.